डेन्मार्कचा जमाखर्च



आयात-निर्यात हा विषय रुक्ष खरा. वसंतातल्या संध्याकाळी संतवाङ्मय किंवा नाट्यकला सोडून आकड्यांचे व्याख्यान ऐकायला कोणी यावे, अशी अपेक्षा करणेही धाडसाचेच. परंतु ज्याचा जन्म कामगारांच्या मागण्यांचे मसुदे लिहिण्यात गेला, त्याला हा विषय टाळता येत नाही. वेतनवाढीची मागणी पुढे ठेवली की समोरून एक उत्तर हमखास येते : "परदेशच्या बाजारात आपला माल टिकला पाहिजे. देशाची आयात फार, निर्यात थोडी. अशा वेळी मजुरी वाढवणे देशाला परवडणार नाही." हे उत्तर सर्वस्वी खोटे असते असे मी म्हणणार नाही. पण ते अर्धेच असते. उरलेले अर्धे शोधायचे, तर ज्या देशाचे पोटच निर्यातीवर चालले अशा एखाद्या लहान देशाचा इतिहास पाहावा. म्हणून आज मी डेन्मार्क निवडला आहे.

डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सातवा हिस्सा. लोकवस्ती आज साठ लाखांच्या आसपास. जमिनीत कोळसा नाही, लोखंड नाही. नॉर्वेसारखे धबधबे नाहीत, स्वीडनसारखी अफाट अरण्ये नाहीत. सपाट शेते, तिन्ही बाजूंनी समुद्र आणि वाऱ्या-पावसाचे हवामान, एवढीच काय ती इस्टेट. अशा देशाला कोळसा, लोखंड, कापूस, तेल सारे बाहेरूनच आणावे लागणार. आणायचे तर त्याची किंमत चुकवली पाहिजे, आणि किंमत चुकवायची तर काहीतरी विकले पाहिजे. आयात-निर्यातीचा प्रश्न मोठ्या देशाला अधूनमधून सतावतो. लहान देशाच्या तो दारातच बसलेला असतो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. देशाने विकलेला माल जमेच्या बाजूला आणि विकत घेतलेला माल खर्चाच्या बाजूला मांडला, की दोहोंतील फरकाला आपण व्यापारातील शिल्लक किंवा तूट म्हणतो. पण देशाची खरी वही एवढ्यावर पुरी होत नाही. देशाच्या जहाजांनी परक्यांचा माल वाहून मिळवलेले भाडे असते, व्याजाची देवघेव असते, कर्ज असते. शिवाय तूट म्हटली की ती वाईटच, असेही नाही. बियाण्यासाठी काढलेले कर्ज आणि वरातीसाठी काढलेले कर्ज वहीत एकाच रकान्यात दिसते; दोहोंतला फरक कळतो तो पुढच्या सुगीला.

आता इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्क धान्य विकून जगत होता. १८४६ साली इंग्लंडने धान्यावरील संरक्षक जकातीचे कायदे रद्द ठरवले, तेव्हा डॅनिश धान्याला इंग्रजी बाजार खुला झाला आणि दोन-तीन दशके चांगली गेली. मध्येच १८६४ साली प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्क हरला. श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे सुपीक प्रांत गेले. राष्ट्र खचले. आणि ते सावरते न सावरते तोच दुसरा घाव बसला, तो तोफांचा नव्हता, गव्हाचा होता. अमेरिकेत आगगाड्या प्रेअरीपर्यंत पोहोचल्या, आगबोटींचे भाडे उतरले, रशियाचाही गहू येऊ लागला, आणि १८७० नंतरच्या दशकांत युरोपात धान्याचे भाव घसरत गेले.

या प्रसंगी शेजाऱ्यांनी काय केले? जर्मनीने १८७९ साली परदेशी धान्यावर जकात बसवली. फ्रान्सनेही पुढे तोच मार्ग धरला. भाव टिकले, जमीनदार वाचले, आणि शहरातल्या कामगाराची भाकरी महाग झाली. डेन्मार्कने धान्यावर जकात बसवली नाही. त्याने स्वस्त परदेशी धान्य आत येऊ दिले, आणि ते माणसांप्रमाणेच गाई-डुकरांनाही घातले. पूर्वी धान्य विकणारा देश १८८० नंतर धान्य विकत घेणारा झाला. मका, कोंडा, सरकीची व इतर तेलबियांची पेंड जहाजांनी येऊ लागली. आणि त्याच बंदरांतून लोणी, बेकन म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, आणि अंडी बाहेर जाऊ लागली.

हे लोणी खाणारा कोण होता? इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरण्या, खाणी आणि गोदी यांतला कामगार. ज्या स्वस्त गव्हाने डॅनिश शेतकऱ्याचे धान्य मातीमोल केले, त्याच गव्हाने इंग्रज कामगाराची पावरोटी स्वस्त केली. पावावरचे पैसे वाचले, ते त्याने लोण्यावर आणि न्याहारीच्या बेकनवर खर्च केले. जगात कुठेतरी मजुराच्या हातात चार पैसे अधिक पडले, म्हणून डेन्मार्कचा शेतकरी तरला. निर्यात वाढवण्यासाठी मजुरी कमी करा असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की निर्यात झालेला माल शेवटी कोणीतरी मजूरच विकत घेत असतो.

पण बाजार आहे म्हणून माल आपोआप विकला जात नाही. पूर्वी चांगले लोणी बड्या इस्टेटींवरच तयार होई. लहान शेतकऱ्याच्या दोन-चार गाईंचे दूध थोडे. त्याचे लोणी प्रत्येक घरी निराळ्या प्रतीचे निघे आणि कमी भावाने जाई. १८७८ च्या सुमारास दूध वेगाने फिरवून त्यातली साय सतत वेगळी काढणारे यंत्र निघाले. यंत्र महाग होते, एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिली सहकारी दूधसंस्था काढली. कर्जाला सर्व सभासद मिळून जामीन राहिले. घरात लागेल तेवढे ठेवून बाकी सर्व दूध संस्थेलाच घालण्याचा करार प्रत्येकाने केला. साय काढलेले दूध सभासदांकडे परत जाई, ते डुकरांना घालत. नफा दुधाच्या प्रमाणात वाटला जाई. आणि मतदान? ते गाईंच्या संख्येवर नव्हे, माणसांच्या संख्येवर. चाळीस गाईंच्या धन्याला एक मत आणि दोन गाईंच्या धन्यालाही एकच मत. १९०० च्या सुमारास अशा संस्थांची संख्या हजाराच्या घरात गेली.

१८८७ साली जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली. हा धंदा बुडाला असेच कोणालाही वाटले असते. त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी बेकन कारखाना उभा राहिला. जिवंत जनावर जर्मनीला धाडण्याऐवजी तयार मांस इंग्लंडला धाडू, असा विचार त्यामागे होता. इंग्रजाच्या न्याहारीला कसे मांस लागते हे पाहून डुकरांची पैदास सुधारण्यात आली. अंड्यांसाठी १८९५ साली सहकारी निर्यात संस्था निघाली; तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असे, म्हणजे नासके अंडे कोणाच्या खुराड्यातले हे कळे. १८६४ च्या पराभवानंतर जटलंडच्या उजाड पश्चिम किनाऱ्यावर सरकारने एस्बियर्ग हे बंदर बांधायला घेतले होते, ते थेट इंग्लंडकडे तोंड करून. लोण्याला आणि बेकनला ते आयते सापडले.

या साऱ्यामागे शाळा होत्या हे विसरून चालणार नाही. ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या विचारातून १८४४ पासून प्रौढ तरुणांसाठी लोकविद्यालये निघाली. तेथे परीक्षा नव्हत्या. हिवाळ्यात शेतकऱ्यांची मुले येऊन राहत, इतिहास ऐकत, गाणी म्हणत, वादविवाद करीत. अशा शाळेत लोण्याचे शास्त्र शिकवीत नसत; पण सभेत उभे राहून बोलणे, हिशेब तपासणे आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवणे तेथे अंगवळणी पडे. ज्याने आपले शिक्षण रात्रीच्या वर्गांत आणि सार्वजनिक वाचनालयांत केले, त्याला या शाळांचे मोल अधिक समजते.

आता वहीकडे पाहा. पहिल्या महायुद्धापूर्वी डेन्मार्कच्या निर्यातीचा बहुतेक सारा भाग शेतीमालाचा होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक माल एकट्या इंग्लंडला जात होता. तरीही मालाच्या व्यवहारात तूटच असे, कारण लोणी वाढवायचे तर पेंड वाढवली पाहिजे, कारखाना वाढवायचा तर कोळसा वाढवला पाहिजे. तुटीचा काही भाग जहाजांच्या भाड्यातून निघे, काही परदेशी कर्जातून. पण ते कर्ज बियाण्याचे होते. त्यातून गोठे, यंत्रे, आगगाड्या, बंदरे उभी राहिली.

इथपर्यंतची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. पण एवढ्यावर थांबलो तर मी माझ्या धंद्याशी प्रामाणिक राहिलो नाही असे होईल. दूधसंस्थेत एक माणूस एक मत होते, पण ते गाय असलेल्या माणसाला. गोठा साफ करणाऱ्या गड्याला आणि पहाटे धारा काढणाऱ्या मोलकरणीला मत नव्हते. १८५४ च्या चाकरविषयक कायद्याने त्यांना धन्याच्या शिस्तीखाली बांधून ठेवले होते. तो कायदा जाण्यास १९२१ साल उजाडावे लागले. दक्षिणेकडील बेटांवर बिटाच्या शेतांत पोलंडहून हंगामी मजूर आणले जात, त्यांत तरुण मुली पुष्कळ. आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अर्धशतकात सुमारे तीन लाख डॅनिश माणसे देश सोडून, बहुतेक अमेरिकेला, निघून गेली. लोण्याच्या पेट्यांबरोबर माणसेही निर्यात होत होती. फक्त ती निर्यातीच्या तक्त्यात दिसत नव्हती.

शहरांतही झगडा पेटला होता. १८७२ च्या मे महिन्यात कोपनहेगनमधील गवंड्यांच्या संपाच्या वेळी कामगारांची सभा पोलिसांनी व घोडदळाने उधळली आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. तरी संघटना वाढत गेल्या आणि १८९८ साली त्यांचे देशव्यापी मध्यवर्ती मंडळ झाले. दुसऱ्याच वर्षी मालकांनी त्याची परीक्षा पाहिली. जटलंडमधल्या सुतारांच्या एका किरकोळ तंट्यावरून सुरुवात होऊन मालकसंघाने सुमारे चाळीस हजार कामगारांवर टाळेबंदी लादली. उन्हाळाभर ती चालली. इतर देशांतल्या कामगारांनी पैसे पाठवले. अखेर ५ सप्टेंबर १८९९ रोजी करार झाला. काम कसे चालवायचे हा मालकांचा अधिकार कामगारांनी मान्य केला. संघटना करण्याचा आणि सर्वांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा कामगारांचा अधिकार मालकांनी मान्य केला. कोणाचाच पूर्ण विजय झाला नाही. पण डेन्मार्कमधल्या पुढल्या सर्व वेतनकरारांचा पाया या कराराने घातला.

एकाच गिऱ्हाइकावर आणि बाहेरच्या पेंडीवर विसंबण्यात किती धोका आहे, ते दोन वेळा कळले. १९१७ साली जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडवला, पेंड व मका येईना, आणि डुकरांची कत्तल करावी लागली. धान्य डुकराला घालायचे की माणसाला, हा प्रश्न उघडपणे उभा राहिला आणि तो माणसाच्या बाजूने सुटला. दुसरी वेळ जागतिक मंदीची. १९३१ साली इंग्लंडने सुवर्णचलन सोडले आणि १९३२ च्या ओटावा करारांनी साम्राज्यातील मालाला पहिले पान वाढले. न्यूझीलंडच्या लोण्याला झुकते माप आणि डॅनिश बेकनवर मर्यादा, अशी स्थिती झाली. डेन्मार्कने १९३२ मध्ये हुंडणावळीवर नियंत्रण बसवले. परदेशातून माल आणायचा तर परवाना हवा. १९३३ च्या व्यापारी कराराने इंग्लंडने काय मागून घेतले पाहा. डेन्मार्कने कोळसा मुख्यतः इंग्लंडकडून घ्यावा, आणि बेकन ज्या तागाच्या कापडात गुंडाळून पाठवायचे ते कापडही इंग्लंडात विणलेलेच असावे! तो ताग मुळात आपल्या बंगालच्या शेतकऱ्याने पिकवलेला. तिघांच्या या व्यवहारात बंगालच्या शेतकऱ्याला कोणी काहीच विचारले नाही.

जानेवारी १९३३ मध्ये विमा असलेल्या डॅनिश कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बेकार होते. मालकांनी मजुरीत २० टक्के कपात मागितली आणि १ फेब्रुवारीपासून टाळेबंदीची नोटीस दिली. माल विदेशात खपत नाही तर मजुरी उतरवा, हेच ते आपल्या ओळखीचे उत्तर. शेतकरी म्हणत होते, आमची जमीन लिलावात जात आहे. पंतप्रधान होते थॉर्वाल्ड स्टाउनिंग, तरुणपणी सिगारच्या कारखान्यात काम केलेले. कोपनहेगनच्या कान्स्लरगाडे या रस्त्यावरील त्यांच्या राहत्या घरी पक्षांचे पुढारी वाटाघाटीला बसले आणि ३० जानेवारीला समझोता झाला. शेतकऱ्यांसाठी चलनाचे अवमूल्यन करण्यात आले, म्हणजे इंग्लंडात विकलेल्या लोण्याचे अधिक क्रोनर हाती येऊ लागले. कामगारांसाठी चालू वेतनकरार कायद्याने एक वर्ष वाढवले; कपात टळली, टाळेबंदी टळली, मात्र संपही बंद झाला. सरकारी बांधकामे काढण्याचे ठरले आणि आजार, अपघात, वार्धक्य, बेकारी यांविषयीचे विखुरलेले कायदे एकत्र करून सामाजिक सुधारणेचा कायदा आला. अवमूल्यनाने आयात माल महाग झाला, त्याचा भार सगळ्यांवर पडला. त्याच दिवशी शेजारच्या जर्मनीत हिटलर चान्सेलर झाला. संकट एकच होते. एका देशाने त्याचा भार वाटून घेतला, दुसऱ्याने तो दुबळ्यांच्या डोक्यावर लादण्याचा रस्ता धरला.

याच काळातली एक घटना आपल्या मुंबईची आहे. १९३८ साली हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी मुंबईत एक पेढी काढली. डेन्मार्कची दुग्धशाळेची यंत्रे आणून विकणे हा तिचा आरंभीचा धंदा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि माल येणे थांबले. तेव्हा त्यांनी यंत्रांची दुरुस्ती आणि पुढे निर्मिती इथेच सुरू केली. लार्सन अँड टुब्रो हे नाव आज आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आयात बंद पडल्यावर हात बांधून बसायचे की हात चालवायचे, याचे हे आपल्या अंगणातले उदाहरण.

युद्धानंतर डेन्मार्क फक्त लोण्यावर राहिला नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत कारखान्यांच्या मालाची निर्यात शेतीमालाच्या पुढे गेली. पण याच सुमारास वहीतली तूट कायमची होऊन बसली आणि १९९० पर्यंत हटली नाही. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी देशातली सुमारे नऊ-दशांश ऊर्जा आयात तेलाची होती. परदेशी कर्ज साचत गेले. १९७९ साली अर्थमंत्री क्नूड हाइनसेन यांनी देश कड्याच्या दिशेने चालला आहे असा इशारा दिला. हे कर्ज आता बियाण्याचे राहिले नव्हते. १९८२ मध्ये आलेल्या सरकारने महागाईशी जोडलेली वेतनवाढ थांबवली. १९८६ मध्ये ग्राहककर्जावर जबर कर बसवला. लोकांनी त्या उपायाला 'बटाट्याचे पथ्य' असे नाव दिले.

मजुरी आवरा असे कामगारांना पुन्हा सांगितले गेले. तेथल्या संघटनांनी त्यावर काय केले, ते आपण शिकण्यासारखे आहे. १९८७ च्या डिसेंबरात सरकार, मालक आणि कामगार यांनी संयुक्त निवेदन काढले. वेतनवाढ शेजारी देशांपेक्षा अधिक होणार नाही हे संघटनांनी मान्य केले. पण मोबदल्यात साध्या कामगारालाही वेतनकरारातून निवृत्तिवेतन मिळावे, ही मागणी पुढे रेटली. १९९१ पासून ती फळाला आली. कामगारांनी संयम फुकट दिला नाही, त्याची किंमत वसूल केली. आणि ही बचत निधींत साठत गेल्याने देशाची परदेशी कर्जावरची भिस्तही कमी झाली. १९९० पासून, १९९८ चा अपवाद वगळता, परदेशाशी असलेल्या डेन्मार्कच्या चालू हिशेबात शिल्लक पडत आली आहे.

जुन्या गोष्टी वाया कशा जात नाहीत तेही पाहा. इन्शुलिनचा शोध कॅनडात लागला. ते बनवण्याचा परवाना ऑगस्ट क्रोघ या शास्त्रज्ञाने डेन्मार्कला आणला आणि १९२३ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. त्यासाठी लागे जनावरांचे स्वादुपिंड. इंग्रजाच्या न्याहारीसाठी कापलेल्या डुकरांमुळे त्या देशात त्याचा तोटा नव्हता. आज औषधे ही डेन्मार्कची अग्रगण्य निर्यात आहे. तसेच वाऱ्याचे. आस्कोव्हच्या लोकविद्यालयातील शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली होती. तेल महागल्यावर त्या वाटेने पुन्हा जाणे झाले आणि आज डॅनिश पवनचक्क्या जगभर जातात.

तात्पर्य काय? लहान देश जगातले भाव ठरवू शकत नाही. गव्हाचा भाव शिकागोत ठरला, लोण्याचा लंडनमध्ये, तेलाचा अरबस्तानात. डेन्मार्कच्या हाती एकच गोष्ट होती : बाहेरून आलेला लाभ आणि बाहेरून आलेला भार घरातल्या घरात कसा वाटायचा. जेथे तो चर्चेने वाटला गेला तेथे देश तरला. जेथे चाकर, मोलकरीण, परप्रांतीय मजूर यांना चर्चेतच घेतले नाही, तेथे माणसे देश सोडून गेली.

म्हणून यापुढे कोणी आपल्यापुढे आयात-निर्यातीचा तक्ता ठेवून मजुरीची गोष्ट काढील, तेव्हा घाबरून जाऊ नका आणि तक्ता भिरकावूनही देऊ नका. तो नीट वाचा आणि तीन प्रश्न विचारा. आयात होते ती पेंडीची आणि यंत्रांची, की चैनीची? निर्यात किती गिऱ्हाइकांवर आणि किती वस्तूंवर उभी आहे? आणि भार उचलायचाच असेल, तर इतरांचा वाटा किती आणि आमच्या संयमाचा मोबदला काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तक्त्यातच मिळतील. तिसऱ्याचे उत्तर वाटाघाटीला बसूनच मिळवावे लागते, आणि त्यासाठी आधी संघटना लागते.